बेलफास्टचा हेन्री कुक पुतळा : प्रकल्प नोंदी

३ मार्च
कामाची हद्द आज ठरली. बेलफास्टच्या कॉलेज स्क्वेअर ईस्टमध्ये रस्त्याच्या मधोमध उभा असलेला प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक रेव्हरंड हेन्री कुक यांचा पुतळा, त्याची मराठीत पूर्ण नोंद, संगणकावरचं त्रिमितीय प्रारूप, रंगनोंद आणि देखभालीचं टिपण. पुतळ्याला हात लावायचा नाही. धुणं, मेण देणं, नमुना खरवडून घेणं ही मालकाच्या परवानगीने प्रशिक्षित संवर्धकाने करायची कामं आहेत. आपल्या सगळ्या चाचण्या वेगळ्या ओतलेल्या धातूच्या पट्ट्यांवर होतील.

पहिल्या पानावर जाणारी माहिती: धातू कांस्य, शिल्पकार सॅम्युअल फेरिस लिन, उभारणी १८७६, लिन वारले तेही १८७६ मध्येच. बेलफास्टच्या अल्बर्ट घड्याळ-मनोऱ्यावरचा प्रिन्स अल्बर्टचा पुतळाही लिन यांचाच. तो दगडी आहे. दोन्ही पुतळे एकाच शहरात चालत जाण्याच्या अंतरावर असल्याने एकाच हातचं काम दगडात आणि ओतकामात कसं दिसतं ते शेजारी ठेवून पाहता येतं.

८ मार्च
नावाचा घोळ. शहरात या पुतळ्याला ‘ब्लॅक मॅन’ म्हणतात, आणि पुतळा आहे हिरवा. नव्याने पाहणारा इथेच अडखळतो, म्हणून नोंदीत हे सगळ्यात आधी सांगायला हवं.

याच जागी १८५५ मध्ये अर्ल ऑफ बेलफास्ट, फ्रेडरिक रिचर्ड चिचेस्टर (१८२७–१८५३) यांचा पुतळा बसला होता. शिल्पकार पॅट्रिक मॅकडॉवेल. काळसर दिसणाऱ्या त्या पुतळ्याला लोक ‘काळा माणूस’ म्हणू लागले. पुढे अर्लला तिथून हलवलं, त्यांच्या जागी कुक आले, आणि नाव जागेलाच चिकटून राहिलं. अर्लचा पुतळा आता सिटी हॉलमध्ये आहे. त्याच अर्लचं मॅकडॉवेल यांनीच घडवलेलं संगमरवरी स्मारकही आहे. त्यामुळे जुनी छायाचित्रं लावताना तीन वस्तू वेगळ्या ठेवायच्या: कांस्यातला अर्ल, संगमरवरातला अर्ल, कांस्यातले कुक. कोणत्याही चित्राखाली नुसतं ‘ब्लॅक मॅन’ लिहायचं नाही.

फाइलींची नावं: कुक-पूर्व-०१, कुक-दक्षिण-०१ अशी. टोपणनाव फक्त सूचीत.

या टोपणनावामुळे कामाचा कणाच स्पष्ट झाला. या पुतळ्याच्या बाबतीत रंग हा पुरावा आहे. ‘काळा’ म्हणून ओळखली जाणारी जागा आणि डोळ्यांसमोरचा हिरवा धातू यांच्यामधला फरक जपायचा असेल, तर आजचा हिरवा नेमका कोणता हे मोजून ठेवलं पाहिजे. उद्या कोणी सद्‌हेतूने घासला, तर तो परत आणता येणार नाही.

१४ मार्च
चरित्राचा मजकूर. मराठी वाचकासाठी काही शब्द आधी पक्के केले.

‘बिशप’ कुठेही येता कामा नये. प्रेस्बिटेरियन व्यवस्थेत बिशप नसतो. मंडळीचा कारभार वडीलधाऱ्यांच्या सभा चालवतात, आणि सर्वोच्च सभेचा अध्यक्ष तो मॉडरेटर. ‘फादर’ही नको. ‘रेव्हरंड’ किंवा ‘धर्मोपदेशक’ चालेल. पहिल्या मसुद्यात ‘कॅथीड्रल’ शब्द आला होता, तो काढला. कुक यांचं उपासनामंदिर म्हणजे मे स्ट्रीट चर्च. ते त्यांच्यासाठीच बांधलं आणि १८२९ मध्ये उघडलं.

जन्म ११ मे १७८८, माघेराजवळ. मृत्यू १३ डिसेंबर १८६८, बेलफास्ट. ज्या वादाने त्यांचं नाव झालं तो अल्स्टरच्या, म्हणजे आयर्लंडच्या उत्तर भागातल्या, सिनॉडमधला (धर्मसभेमधला) एरियन वाद. ख्रिस्ताचं ईश्वरत्व पित्याइतकंच की त्याहून खालचं, हा त्यातला प्रश्न. धर्मोपदेशकाने वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रावर (प्रेस्बिटेरियन श्रद्धेच्या अधिकृत मसुद्यावर) सही केलीच पाहिजे, ही कुक यांची बाजू. विरुद्ध बाजूला हेन्री मॉन्टगोमेरी. १८३० मध्ये मॉन्टगोमेरींचा गट बाहेर पडला आणि रेमॉन्स्ट्रंट सिनॉड वेगळा झाला.

पुतळा कोणीकडे तोंड करून आहे, याला त्यामुळे अर्थ येतो. कुक यांचं तोंड पूर्वेला, वेलिंग्टन प्लेसकडे. पाठ रॉयल बेलफास्ट अकॅडमिकल इन्स्टिट्यूशन या शिक्षणसंस्थेकडे. तिथे एरियन विचार शिकवला जातो, हाच त्यांचा आक्षेप होता, म्हणून शहरात या पाठीची चर्चा होते. ती पाठ मुद्दाम फिरवलेली, असं मात्र लिहायचं नाही. चौकातल्या पुतळ्याचं तोंड शहराच्या मध्याकडे असणं हे साधं नगररचनेचं कारणही पुरेसं आहे. दिशा नोंदवू, लोकांत जे बोललं जातं तेही नोंदवू, आणि दोन्ही वेगळ्या वाक्यांत ठेवू.

राजकारणही वगळायचं नाही. कुक हे डॅनियल ओकॉनेल यांच्या आयर्लंड-स्वायत्ततेच्या चळवळीचे कडवे विरोधक. १८४१ मध्ये ओकॉनेल बेलफास्टला आले तेव्हा कुक यांनी त्यांना जाहीर वादाचं आव्हान दिलं. एका समाजाला ते आपले पुढारी वाटतात, दुसऱ्याला नाही. फलकाच्या मजकुरात ‘थोर’, ‘महान’ ही विशेषणं वापरायची नाहीत.

मुंबईचा धागा खरा आहे, म्हणून एक परिच्छेद राहील. १० जुलै १८४० रोजी अल्स्टरचा सिनॉड आणि सिसेशन सिनॉड एकत्र येऊन आयर्लंडच्या प्रेस्बिटेरियन चर्चची जनरल असेंब्ली झाली. कुक १८४१ मध्ये आणि पुन्हा १८६२ मध्ये तिचे मॉडरेटर होते. स्थापनेच्या त्याच बैठकीत जेम्स ग्लासगो आणि अलेक्झांडर कर यांची हिंदुस्थानासाठी मिशनरी म्हणून नेमणूक झाली. ते १८४१ मध्ये मुंबईत उतरले आणि तिथून राजकोटला गेले. काठेवाडचं क्षेत्र सुचवण्यामागे मुंबईतले डॉ. जॉन विल्सन होते. गिरगाव चौपाटीच्या विल्सन कॉलेजला ज्यांचं नाव आहे तेच हे विल्सन.

२१ मार्च
हिरव्या थराचं टिपण. हे संक्षेपात उरकायचं नाही, कारण सगळ्या चुका इथे होतात.

कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक ठेवलं की कळकतं. तीच जात, पण तेवढ्यावर थांबता येत नाही. उघड्यावरच्या कांस्यावर आधी क्युप्राइट हा तांबूस-तपकिरी ऑक्साइडचा पातळ थर बसतो. कोळशाच्या धुरातला गंधक डायऑक्साइड पावसात मिसळून आला की त्यावर ब्रोकँटाइट, म्हणजे तांब्याचं हिरवं सल्फेट तयार होतं. समुद्राकडून क्षार आला तर ॲटाकॅमाइट, हे क्लोराइड. बेलफास्टला दोन्ही मिळतात: गिरण्या, गोद्या आणि घरोघरच्या शेगड्यांचा धूर, आणि शहरात घुसलेली समुद्राची खाडी.

घट्ट बसलेला, नखाने न सुटणारा हिरवा थर बहुतेक वेळा स्थिर असतो. तो काढायचं कारण नसतं. धोका असतो तो फिकट, भुकटीसारख्या, ठिपक्याठिपक्यांच्या हिरव्याचा. त्याखाली क्युप्रस क्लोराइड दडलेलं असतं. ओलावा आणि प्राणवायू मिळाला की त्यातून आम्ल सुटतं, ते आणखी तांबं खातं, आणि चक्र चालू राहतं. यालाच कांस्यरोग म्हणतात. डोळ्यांनी ‘हिरवं दिसलं’ एवढ्यावर निदान करता येत नाही.

तिसरा प्रकार म्हणजे काळे पट्टे. पाऊस थेट लागतो तिथे धातू धुतला जाऊन फिका हिरवा होतो. हनुवटीखाली, काखेत, वस्त्रांच्या खोल चुण्यांत पाऊस पोचत नाही, तिथे काजळी आणि धूळ साचून काळं कवच धरतं. तिथे साचलेला ओलावाही लवकर वाळत नाही. बेलफास्टचा वारा मुख्यतः नैऋत्येचा, आणि पुतळ्याचं तोंड पूर्वेला. म्हणजे पावसाचा मारा पाठीवर आणि उजव्या खांद्यावर जास्त. नोंदपत्रकात ‘पावसाची बाजू’ आणि ‘आडोशाची बाजू’ असे दोन वेगळे रकाने केले.

२८ मार्च
चाचणी-पट्ट्या. एलजी-२ गनमेटल, म्हणजे कांस्याचाच एक प्रकार: तांबं ८५, कथील ५, शिसं ५, जस्त ५ टक्के. पुतळ्याचा धातू हाच आहे असा दावा नाही. ओतकामात सहज मिळणारा आणि वागणुकीत जवळचा म्हणून घेतला. १०० × ५० × ६ मिमीच्या १२ पट्ट्या. एका टोकाला ३ मिमीचं भोक, तांब्याच्या तारेने टांगायला. लोखंडी तार वापरली की गंजाचा ओघळ पट्टीवर उतरतो आणि रंगनोंद बाद होते.

हिरवा रंग आणण्यासाठी १० टक्के ताम्र नायट्रेट, गरम धातूवर बारीक फवारा. धातू साधारण ९० अंश सेल्सियस हवा. थंड राहिला तर द्रावण ओघळून डाग पडतात. फार तापला तर हिरवं जळून तपकिरी-काळं होतं. फवाऱ्यांच्या मधे पट्टी पूर्ण वाळू द्यायची. सहा-सात हलके फवारे एका दाट फवाऱ्यापेक्षा घट्ट बसतात. धूर विषारी असतो: उघडी हवा, योग्य गाळणीचा मुखवटा, हातमोजे.

मर्यादा ठळक अक्षरात लिहून ठेवली. हा थर आठवड्याभराचा आणि नायट्रेटचा. पुतळ्यावरचा दीडशे वर्षांच्या हवेतला. पट्ट्यांवरून पद्धतींची आपापसात तुलना होते, पुतळा किती वर्षं टिकेल हे कळत नाही.

वाटणी: ३ पट्ट्या जशाच्या तशा, ३ थंड मेणाच्या, ३ गरम मेणाच्या, १ ॲक्रिलिक लॅकरची (पारदर्शक रोगणाची), १ चिंचेने घासायची, १ तारेच्या ब्रशने घासायची.

६ एप्रिल
चहूबाजूंनी काढलेली छायाचित्रं संगणकावर जुळवून त्रिमितीय प्रारूप करायचं आहे. त्या छायाचित्रणाची रंगीत तालीम एका बागेतल्या दगडी खांबावर. दोन चुका हाती आल्या. फोकस आपोआप बदलत राहिला, त्यामुळे जुळणी तुटली. आता एकदा जुळवून टेपने पक्का करायचा. दुसरं, प्रत्येक फेरीत कॅमेऱ्याची उंची थोडी घसरत गेली. दांड्यावर खुणा केल्या.

१२ एप्रिल
प्रत्यक्ष छायाचित्रण. साधनं: ३५ मिमीची स्थिर लेन्स, छिद्र एफ-८, गती १/२५०, आयएसओ ४००, रॉ फाइल. तीन फेऱ्या: डोळ्यांच्या पातळीवर, ३ मीटर, ५ मीटर दांड्यावर. दर १० अंशांना एक चित्र, म्हणजे फेरीला ३६, एकूण १०८. त्यावर चेहरा, हात, वस्त्रांच्या चुण्या, पावलं आणि चबुतऱ्याच्या कडा यांची जवळून ६०. शेजारच्या दोन चित्रांत किमान ७० टक्के भाग सामाईक हवा.

ढगाळ दिवस उत्तम. उन्हात चुण्यांमध्ये काळीकुट्ट सावली पडते आणि तिथला पृष्ठभाग प्रारूपात गायब होतो. ऊन असेलच तर हे लक्षात ठेवायचं की पुतळा पूर्वाभिमुख आहे आणि या दिवसांत बेलफास्टला सूर्य घड्याळी १:२५ च्या सुमाराला सर्वांत वर येतो, तोही क्षितिजापासून जेमतेम ४४ अंश. त्यानंतर चेहरा सावलीत जातो. चेहऱ्याची चित्रं सकाळीच.

रहदारी ही खरी अडचण. चौकात बस थांबली की तिची खिडकी पुढच्या चित्रात दुसरीकडे सरकलेली असते, आणि संगणक ती पुतळ्याचाच भाग समजून हवेत ठिपके पेरतो. उपाय: प्रत्येक जागेवर दोन चित्रं काढून मोकळं ते ठेवायचं, उरलेल्यांत पार्श्वभूमी हाताने झाकायची. ड्रोन वापरला नाही, खाली सतत माणसं आणि वाहनं असतात. मापपट्ट्या १ मीटरच्या तीन, सपाट जमिनीवर. चिकट खुणा दगडावर लावायच्या नाहीत. गोंद निघाला तरी तेलकट वर्तुळ उरतं.

१९ एप्रिल
जुळणी झाली. माप दोन पट्ट्यांवरून दिलं, तिसरी पट्टी फक्त पडताळणीसाठी. स्वीकाराची मर्यादा मीटरला २ मिमी. तिसरी पट्टीही हिशेबात धरली तर चूक लपते, म्हणून ती बाहेरच ठेवायची.

डोक्याचा माथा उघडा राहिला. ५ मीटरच्या दांड्यावरूनही वरचा भाग दिसत नाही. संगणकाची प्रणाली प्रारूपातलं ते भोक आपोआप गुळगुळीत बुजवून देते. ते बंद केलं. शिल्पकाराने केस कसे घडवले हे आपण पाहिलेलं नसताना त्या जागी संगणकाने रचलेला टकलाचा गोळा ठेवणं खोटं ठरेल. भोक राखाडी रंगात दाखवायचं.

२६ एप्रिल
रंगनोंद. मोबाइलवरच्या चित्रांत हाच पुतळा एकदा मोरपिशी, एकदा शेवाळी दिसतो, कारण प्रत्येक फोन पांढरा समतोल आपल्या मर्जीने ठरवतो. म्हणून प्रत्येक बाजूच्या पहिल्या चित्रात २४ चौकटींचं रंगपत्रक धरायचं, आणि ते पुतळ्याच्याच उजेडात. सावलीतल्या बाजूसाठी सावलीत.

पाऊस पडून गेल्यावर मोजणी नाही. ओला पॅटिना, म्हणजे धातूवरचा हिरवा थर, गडद दिसतो. सलग ४८ तास कोरडे गेलेले हवेत, आणि बेलफास्टमध्ये ते मिळायला वाट पाहावी लागते. पहिली मोजणी यासाठी रद्द केली.

४ मे
पट्ट्यांचे निकाल.

चिंच: दहा मिनिटांत हिरवं गेलं, खाली गुलाबी तांबडा धातू. आपल्याकडे देवाची भांडी चिंचेने उजळतात आणि ती उजळतातच. पण भांडं दर आठवड्याला घासलं जातं, पुसून कोरडं ठेवलं जातं. चौकातल्या पुतळ्यावर हे केलं तर कारागिरांनी घातलेल्या बारीक खुणांच्या कडा आम्लाने बोथट होतात, खाचांत आम्ल उरतं, आणि पुढच्या पावसात ठिपकेदार, विटका हिरवा उगवतो.

तारेचा ब्रश: समांतर ओरखडे. पोलादी तारेचे कण मऊ धातूत रुतले आणि दोन दिवसांत तपकिरी ठिपके आले.

लॅकर: सुरुवातीला सर्वांत चांगला दिसला. किनारीला मुद्दाम पाडलेल्या चरेतून पाणी आत शिरलं आणि पापुद्र्याखाली हिरवं पसरलं. लॅकर चांगला नाही असं नाही, पण तो दिला की वेळेवर काढून पुन्हा देण्याची बांधिलकी घ्यावी लागते. काढायला तीव्र विद्रावक लागतो.

थंड मेण: मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा लगदा, दोन पातळ हात. पाणी थेंब होऊन घसरतं. जाड लावलं तिथे पांढरट साय आली.

गरम मेण: पट्टी हलत्या ज्योतीने साधारण १०० अंशांपर्यंत तापवून मेण आत मुरवलं. पकड सर्वांत खोल. एका पट्टीवर ज्योत क्षणभर रेंगाळली आणि हिरव्यात काळा चट्टा कायमचा पडला.

यातला महत्त्वाचा निकाल असा: मेण दिलेल्या सहाही पट्ट्या गडद झाल्या. फिकट भुकटा हिरवा ओला दिसावा तसा. म्हणजे ज्याला आपण फक्त ‘संरक्षण’ म्हणतो तो उपाय पुतळ्याचा रंग बदलतो. मालकासमोर दोन रंगीत पट्ट्या ठेवून आधी विचारलं पाहिजे: हा रंग चालेल का? काम झाल्यावर विचारून उपयोग नाही.

क्षाराची वेगळी चाचणी: जशाच्या तशा ठेवलेल्या तीन पट्ट्यांपैकी एकीवर मिठाचं पाणी शिंपडून ती दमट बंद डब्यात २४ तास ठेवली. फिकट भुकटी सुटली. तिचा कण पातळ नायट्रिक आम्लात विरघळवून सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला, पांढरा गढूळपणा आला. क्लोराइड असल्याची ही खूण.

११ मे
देखभाल-टिपणाचा मसुदा, संवर्धकाशी बोलण्यासाठी.

वर्षातून एकदा तपासणी, शक्यतो हिवाळा सरल्यावर. आधी पायाजवळची निचऱ्याची छिद्रं पाहायची. आतल्या पोकळीत शिरलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. ती धुळीने बुजली तर पाणी साचतं, गोठून फुगतं आणि सांधा उघडतो. सांध्यातून तपकिरी ओघळ दिसला तर आतला लोखंडी आधार गंजतोय असं समजावं, आणि तो डाग नुसता पुसून विषय मिटवू नये.

धुलाई: आधी चबुतरा साध्या पाण्याने चिंब करायचा, नाहीतर हिरवं पाणी कोरड्या दगडात मुरतं आणि निघत नाही. मग नॉन-आयनिक (विद्युतभार नसलेला, सौम्य) साबण ०.५ ते १ टक्का, मऊ ब्रश, खालून वर. वरून सुरुवात केली की मळकं पाणी कोरड्या धातूवर वाहून रेघा पडतात. शेवटी भरपूर पाण्याने वरून खाली खळखळून. बागेच्या नळीचा दाब पुरे. उच्च दाबाचा फवारा सुट्या थराबरोबर चांगला थरही उडवतो आणि सांध्यांत पाणी घुसवतो. कबुतरांची विष्ठा आम्लधर्मी असते, वाळलेली खरवडायची नाही, ओल्या कापडाखाली भिजू द्यायची.

मेण द्यायचं ठरलं तर धातू पूर्ण कोरडा आणि दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश गरम हवा. चुण्यांत मेण कमीत कमी, बुटाच्या नव्या ब्रशने झाडून सुती कापडाने घासायचं. विद्रावकाने भिजलेल्या चिंध्या झाकणाच्या धातूच्या डब्यात.

१८ मे
कोरडे ४८ तास मिळाले. चारही बाजूंची रंगमोजणी पूर्ण, प्रत्येक बाजूला सहा ठरलेली ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी तीन वाचनं. ठिकाणांच्या खुणा प्रारूपावर उमटवल्या, म्हणजे पुढची मोजणी दुसऱ्या कोणी केली तरी त्याच बिंदूंवर होईल.

रॉ फाइली, मापपट्टीचा हिशेब आणि झाकलेली पार्श्वभूमी असं तिन्ही वेगळं जपायचं. दोन प्रती दोन ठिकाणी. राहिलेलं काम: माथ्याचं छायाचित्र, तेही फक्त पुढच्या वेळी तपासणीची शिडी लागेल तेव्हा संवर्धकाकडून, आणि आजच्या हिरव्याची रंगपट्टी छापील प्रतीसाठी पुन्हा जुळवून घेणं. पहिल्या छपाईत ती निळसर आली आहे.